सैतानाची पंगत

दिवाळीच्या अंकात सैतानाला घेऊन येणे काही शिष्टसंमत नव्हे. तुमच्या शेजारी फराळाचे ताट असेल, घरात पाहुणे असतील, कोणी तरी 'चकली यंदा जरा मऊच झाली' अशी तक्रारही करीत असेल. अशा वेळी मेलेली जनावरे खाणाऱ्या एका प्राण्याची कथा सांगणाऱ्या माणसाला वाचकांनी उंबरठ्यावरूनच परत पाठवले, तर मला वाईट वाटता कामा नये. पण हा प्राणी माझ्या मनात गेली काही वर्षे ठाण मांडून बसला आहे, आणि त्याच्यामुळे माझे एक फार जुने दुखणे वर आले आहे. शिवाय विषय जेवणाचाच आहे.

माझी मुलगी आणि जावई टास्मानियात राहतात. ऑस्ट्रेलियाच्या नकाशाच्या पायाशी पडलेले हे बेट. तिथले होबार्ट हे गाव डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये इतक्या बेताने बसवले आहे, की साताऱ्याच्या माणसाला अजिंक्यताऱ्याची आठवण यावी. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही उभयता तिकडे गेलो. पंधरा दिवस देखणे सगळे पाहून झाल्यावर जावई म्हणाले, "बाबा, इथला सैतान पाहिल्याशिवाय परत जायचं नाही." सौ. म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन सैतानच कशाला पाहायचा?" पण नातीने हट्ट धरला आणि प्रश्न मिटला.

त्याला तिकडे 'टास्मानियन डेव्हिल' म्हणतात. कांगारूच्या गोत्रातला, म्हणजे पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांपैकी. पण कांगारू गवत खातो आणि हा मांस. त्या पिशवीवाल्या मांसाहारी प्राण्यांत आज जगात हाच सर्वांत मोठा. मोठा म्हणजे काय, तर नर फार तर बारा किलोंचा. आपल्याकडचे एखादे बुटके, रुंद छातीचे गावठी कुत्रे डोळ्यांपुढे आणा. रंग काळाभोर, छातीवर पांढरा पट्टा, डोके अंगाच्या मानाने मोठे, आणि कान असे की रागावला की लालबुंद होतात. एके काळी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरही तो होता. तीनएक हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीसा झाला आणि या बेटावर तेवढा उरला.

आम्ही एका लाकडी झोपडीत काळोख करून बसलो. बाहेर मंद दिव्याखाली एक खुंटी ठोकलेली आणि तिला दोरीने एक मेलेली वॉलबी बांधलेली. वॉलबी म्हणजे कांगारूचा धाकटा भाऊबंद. रस्त्यावर मोटारीखाली सापडलेली. मुद्दाम मारलेली नव्हे, असे यजमानांनी सौ.ना आवर्जून सांगितले. बाहेरचा आवाज आत ऐकू यावा म्हणून एक ध्वनिवर्धक लावला होता. दीड तास काहीच झाले नाही. मग गवतातून एक मादी आली. थोडी थांबली, हवा हुंगली, आणि जेवावयास बसली.

त्या जेवणाचे वर्णन मी सौम्यच करतो. मांस, कातडी, केस, हाड असा भेद तिच्यापाशी नव्हता. अंगाच्या मानाने इतका जोरकस चावा असलेले सस्तन प्राणी जगात फार थोडे आहेत. मांडीचे हाड फुटल्याचा आवाज ध्वनिवर्धकातून आला तेव्हा नातीने माझा हात घट्ट धरला. अर्ध्या तासात हा प्राणी स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत अन्न खाऊ शकतो. मी मनाशी हिशेब केला: माझ्या वजनाला ते चोवीस किलो झाले. सौ.ना सांगितले, तर त्या कुजबुजल्या, "तुमच्या वाईच्या काकांनी आपल्या लग्नात जिलब्या खाल्ल्या होत्या, त्या काय कमी होत्या?"

पुढे दुसरा आला, मग तिसरा, आणि मग जो कल्लोळ उठला त्यावरून या प्राण्याचे नाव कसे पडले ते कोणीही न सांगता कळले. घोगरे गुरगुरणे, किंचाळणे, खोकल्यासारखे भुंकणे. मला वाटले, आता रक्त सांडणार. पण ओरखडाही उठला नाही. यजमानांनी समजावले, की हे भांडण नव्हे, भांडण टाळण्याची रीत आहे. अभ्यासकांनी यांचे वीसएक पवित्रे आणि अकरा प्रकारचे आवाज मोजले आहेत. कोणी शेपूट उभारावे, कोणी पाठ फिरवावी, कोणी मागाहून बसावे, हे सगळे त्या ओरड्यातून ठरते. मी गावाकडच्या पुष्कळ पंगती पाहिल्या आहेत. मानपानावरून उठलेल्या पंगतीत यापेक्षा कमी आवाज आणि यापेक्षा जास्त दुखापत झालेली मला आठवते.

पहिल्या जॉर्ज हॅरिस नावाच्या इंग्रज अंमलदाराने या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन लिहिले. ते १८०८ मध्ये प्रसिद्ध झाले. हॅरिस होबार्टला जमीनमोजणीच्या कामावर होता. त्याने एक नर आणि एक मादी धरली आणि दोघांना एकत्र साखळीने बांधून एका रिकाम्या पिपात दोनेक महिने ठेवले. दोघे रात्रभर भांडत असत, असे त्याने नोंदवले. हा प्राणी माणसाळण्यापलीकडचा क्रूर आहे, हा निष्कर्ष त्यातूनच निघाला. वाचकहो, संसार कितीही सुखाचा असो, एका पिपात साखळीने बांधून ठेवलेले कोणते जोडपे दोन महिने गोडीगुलाबीने राहील? पण शास्त्रात गेलेला शेरा पुसायला शंभर वर्षे लागतात. १८३० मध्ये तिथल्या एका इंग्रज कंपनीने मेंढरांच्या काळजीने सैतानाच्या डोक्यावर बक्षीस लावले. मादीला नरापेक्षा जास्त. १९१५ मध्ये होबार्टच्या मेरी रॉबर्ट्स या बाईंनी आपल्या खासगी प्राणिसंग्रहात सैतान पाळून, त्यांची वीण वाढवून, त्यावर लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेच्या नियतकालिकात लेख लिहिला. पिप न वापरता पाहिल्यावर तोच प्राणी त्यांना लळा लावणारा आणि पिलांची काळजी घेणारा दिसला. कायद्याचे संरक्षण मात्र १९४१ साली मिळाले. त्याचा मोठा चुलतभाऊ, पाठीवर पट्टे असलेला टास्मानियन वाघ, याला ते १९३६ च्या जुलैमध्ये मिळाले होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरात होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा वाघ मेला.

मेलेले खाणारा तो ओंगळ, ही समजूत आपल्याकडेही आहेच. गिधाडाला आपण कधी चांगले म्हटले? पुढे गुरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने मेलेली गुरे विषारी झाली आणि ती खाऊन गिधाडे लाखांनी मेली. २००६ मध्ये त्या औषधाचा गुरांसाठी वापर बंद करावा लागला. तोवर माळावरची मढी कुत्र्यांच्या वाट्याला गेली होती आणि मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी बांधवांपुढे आपल्या मृतांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला होता. टास्मानियातही सैतान जिथे कमी झाले, तिथे जनावरे कुजत पडू लागली. असो. ओंगळ कोण, हा माझा आजचा प्रश्न नाही. तो सुटलेला आहे.

त्या रात्री यजमानांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिने माझी झोप घालवली.

सैतानाची मादी एकवीस दिवसांच्या गर्भारपणानंतर वीस ते चाळीस पिलांना जन्म देते. प्रत्येक पिलू तांदळाच्या दाण्याएवढे. आंधळे, उघडे, जेमतेम पुढचे दोन हात हलवू शकणारे हे दाणे आईच्या केसांतून तीनएक इंच सरपटत पिशवीत जातात. पिशवीत स्तन असतात चार. पिलू एकदा स्तनाला चिकटले की शंभर दिवस सुटत नाही. जे चार पोहोचतात ते जगतात. बाकीचे आईच्या उबेत, आईच्या दुधापासून बोटभर अंतरावर मरतात. यात कोणाचाही दोष नाही. आई निवड करीत नाही. तिला कळतही नसावे.

"चारच?" नातीने विचारले.

"चारच," यजमान म्हणाले.

१९७२ साली मी सव्वीस वर्षांचा होतो आणि एका तालुक्याच्या गावी शाळामास्तर होतो. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. विहिरी तळाला गेल्या होत्या, बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या, परदेशातून आलेला लाल मिलो लोक नाक मुरडीत का होईना खात होते, पोरांना सुकडी मिळे. शाळेला लागून एक वसतिगृह होते. कोणाचे ते सांगत नाही. माणसे सज्जन होती आणि त्यांचीही ओढाताण चालली होती. त्यांनी त्या वर्षी चार गरीब मुलांना फुकट जेवण द्यायचे ठरवले आणि निवडीचे काम माझ्यावर सोपवले. अर्ज आले तेवीस.

मी न्यायाने वागलो. हे वाक्य मी पन्नास वर्षे स्वतःला ऐकवीत आलो आहे. वशिला ऐकला नाही, जात पाहिली नाही. गुण पाहिले, घरची परिस्थिती पाहिली, वहीत रकाने आखले आणि पहिली चार नावे काढली. पाचवा जो राहिला तो माझ्याच वर्गातला, गणितात चलाख, अंगाने काडी. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी मला भेटायला आला. भांडायला नव्हे. टोपी हातात धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पाचवा म्हंजे किती लांब ऱ्हायला?"

मी म्हणालो, "दोन गुणांनी."

"मग लई नाही," असे म्हणून तो गेला. मुलगा बापाबरोबर पाझर तलावाच्या कामावर गेला आणि पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आला नाही. त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. मी शोधही केला नाही.

आता खरे सांगावयाचे ते हे, की वसतिगृहातले एका मुलाचे महिन्याचे जेवण माझ्या पगाराच्या सहाव्या हिश्श्यात भागत होते. त्याच वर्षी मी हप्त्याने एक ट्रान्झिस्टर घेतला होता. हप्ता जवळजवळ तेवढाच होता. मला हे तेव्हा सुचले नाही असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. सुचले होते. पण माझे काम निवड करण्याचे होते, आणि ते मी चोख केले होते.

सैतानाच्या मादीला पाचवा स्तन नसतो. मला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना जावयांनी मराया बेटाची हकीकत सांगितली. १९९६ मध्ये टास्मानियाच्या ईशान्य कोपऱ्यात एका छायाचित्रकाराला चेहऱ्यावर भल्या मोठ्या गाठी असलेले सैतान दिसले. तो कर्करोग निघाला, आणि तोही असा की जो चाव्यातून एकाचा दुसऱ्याला होतो. फार वर्षांपूर्वीच्या एका मादीच्या अंगातल्या बिघडलेल्या पेशी तिच्या मरणानंतरही या तोंडातून त्या तोंडात वाढतच राहिल्या आहेत. गाठी तोंडाभोवती येतात, प्राण्याला खाता येत नाही, आणि बहुतेक जण वर्षाच्या आत मरतात. अंगाने थोराड, चावाचावीत पुढे असणारे आधी जातात. सैतानांची संख्या जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी घटली. २०१४ मध्ये तर याच जातीचा, पण वेगळ्या उगमाचा, दुसरा रोग सापडला.

तेव्हा सरकारने आणि शास्त्रज्ञांनी विम्याची म्हणून काही निरोगी सैतान वेगळे काढले. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ मराया नावाचे बेट आहे. तिथे सैतान कधीच नव्हते, म्हणून रोगही नव्हता. २०१२ मध्ये तिथे पंधरा सैतान सोडले, पुढच्या वर्षी आणखी काही. ते तिथे सुखाने नांदले, वाढले.

त्या बेटावर छोट्या पेंग्विनांची वस्ती होती. हा पेंग्विन जेमतेम फूटभर उंच, किलोभर वजनाचा, निळसर पाठीचा. दिवसभर समुद्रात मासे धरतो आणि अंधार पडल्यावर रांगेने बिळाकडे परततो. त्याला उडता येत नाही, आणि जमिनीवर कोणाला भ्यावे हे त्याला बेटाने कधी शिकवले नव्हते. २०१२ मध्ये तिथे त्यांच्या तीन हजार जोड्या मोजल्या होत्या. २०२१ मध्ये तिथल्या पक्षिमित्रांनी जाहीर केले, की ती वस्ती उरलेली नाही.

नातीने पावावर लोणी लावता लावता विचारले, "आबा, मग सैतान वाईटच ना?"

मी म्हणालो, "नाही. त्याला भूक होती."

"मग पेंग्विन वाईट?"

"नाही."

"मग कोण?"

सौ. म्हणाल्या, "आधी पाव संपव."

त्या नात्याच्या वयाला उत्तर देता आले नाही, तेव्हा मला शिबीची गोष्ट आठवली. आपण सगळ्यांनी ती लहानपणी ऐकली आहे. ससाण्याला भिऊन कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडते. राजा त्याला अभय देतो. ससाणा म्हणतो, हे माझे अन्न. ते हिरावून तू मला मारतो आहेस, हा कोणता धर्म? या प्रश्नाला तोड नाही, आणि महाभारतकारांनी तो ससाण्याच्या तोंडी घातला यातच त्यांचे मोठेपण आहे. शिबी कबुतराच्या भारंभार आपले मांस कापून तराजूत टाकू लागतो. पारडे काही खाली जात नाही. अखेर तो स्वतःच पारड्यात बसतो.

लहानपणी मला या कथेत राजाचे शौर्य दिसे. आता त्यातले एक साधे कलम दिसते: तराजूत घातलेले मांस राजाचे स्वतःचे होते. त्याच्या दरबारात बकऱ्या होत्या, रानात हरणे होती. त्यांतले एखादे ससाण्याने पत्करले असते तर कबुतरही वाचले असते, ससाणाही जेवला असता, आणि कथा दोन ओळींत आटोपली असती.

मराया बेटावर सैतान हा शरणागत होता आणि ससाणाही तोच होता. त्याला वाचवणाऱ्यांनी तराजूत पेंग्विन घातले. विमा उतरवला माणसांनी, हप्ता भरला पेंग्विनांनी.

हे लिहिताना मला सावध राहिले पाहिजे, कारण त्या शास्त्रज्ञांना दोषी ठरवणे माझ्यासारख्याला फार सोपे आणि फार सोयीचे आहे. त्यांची बाजू भक्कम आहे. छोटे पेंग्विन ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला आणि न्यूझीलंडला आणखी पुष्कळ आहेत; रानातला सैतान टास्मानियाबाहेर जगात कुठे नाही. एक वस्ती गेली तर जात राहते. एक जात गेली तर काहीच राहत नाही. तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हते, की काही सैतानांच्या गाठी आपोआप विरू लागतील आणि रोगाला तोंड देणारे गुण पिढ्यांत इतक्या लवकर दिसू लागतील. मी त्यांच्या जागी असतो तर बहुधा हेच केले असते, माझ्या वहीत रकाने आखून. पक्ष्यांना धोका आहे, हे आधी बोलले गेले नव्हते असेही नाही. ते एका रकान्यात लिहिले गेले होते, एवढेच.

तरी पारड्यात घालण्याजोगे आपल्याजवळ काहीच नव्हते, असे मला म्हणवत नाही. कुंपण घालता येते. २०२० मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या बॅरिंग्टन टॉप्सच्या रानात चारशे हेक्टरांना कुंपण घालून आत सव्वीस सैतान सोडले आहेत. त्याला पैसा लागतो, आणि पैसा म्हणजे आपलेच मांस, फक्त कापताना कमी दुखते. टास्मानियात रस्त्यावर मेलेले जनावर खायला आलेले सैतान स्वतः गाड्यांखाली सापडतात. रात्री गाडी हळू हाकली तर पुष्कळ वाचतील. त्या रात्री परतताना आमचे जावई इतकी सावकाश गाडी चालवीत होते, की मी मागच्या बाकावर बसून दोनदा घड्याळ पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना मला माझी लाज वाटली.

शिबीच्या गोष्टीचा शेवट मला नेहमीच थोडा खटकत आला आहे. ससाणा इंद्र निघतो, कबुतर अग्नी निघते, राजाला शरीर परत मिळते, आणि कोणाचेच काही गेले नाही असे होते. मला वाटते, ज्यांना पारड्यात बसायचे नसते त्यांच्या समाधानासाठी तो शेवट असावा. पण हे म्हणणारा मी कोण? मी तर पहिला तुकडाही कापला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मुलीला त्या पाचव्या मुलाची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती, सौ.नाही नव्हती. मुलगी जरा वेळाने म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे होता." मायेने म्हणाली. सौ. काही बोलल्या नाहीत. रात्री बॅगा भरताना मात्र त्यांनी विचारले, "त्या मुलाचं नाव काय होतं?"

मी सांगितले. ते मी कधीच विसरलो नव्हतो.